कामाची घडी

मुळशी तालुक्याचे नाव काढले की मागच्या पिढीतील पुणेकरांस दोन गोष्टींची आठवण होत असे. एक तेथील आंबेमोहोर तांदळाची आणि दुसरी सेनापती बापटांच्या सत्याग्रहाची. आजच्या पिढीस त्याच तालुक्याची ओळख आणखी दोन नावांनी पटते. एक पिरंगुट आणि दुसरे हिंजवडी. पौडच्या रस्त्याने गेल्यास पिरंगुट, उरवडे या गावांच्या आसपास लहानमोठे कारखाने लागतात. कोठे यंत्रांचे भाग तयार होतात, कोठे रसायने, कोठे वेष्टने. तालुक्याच्या दुसऱ्या टोकास, जेथे वर्षातून एकदा म्हातोबाच्या बगाडास लोक लोटत तेवढीच काय ती वर्दळ असावयाची, त्या हिंजवडी व माण या गावांच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभारले, आणि आज तेथे काचेच्या इमारतींत बसून सहस्रावधी तरुण-तरुणी साऱ्या जगाचे हिशेब, नोंदी आणि यंत्रे चालविणारे सॉफ्टवेअर लिहितात. एकाच तालुक्यात एकीकडे हातोडा आणि दुसरीकडे लॅपटॉप असे हे दृश्य आहे. परंतु दोन्ही ठिकाणी कारभार पाहणाऱ्यांच्या मनात प्रश्न मात्र एकच असतो: कामाची घडी नीट कशी बसवावी?

हा प्रश्न कारखानदारांचा आहे, आमच्यासारख्या गृहस्थी मासिकाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, हा प्रश्न आता घराच्या उंबरठ्याच्या आत आला आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे मुलगे, मुली, सुना, जावई रोज सकाळी हिंजवडीची वाट धरतात. रात्री नऊ वाजता जेवणाची पाने मांडून आई वाट पाहात असते आणि मुलगा खोलीत परदेशातील ग्राहकाशी बोलत असतो. घरातील वडील मंडळी म्हणतात, ‘मोठा पगार म्हटला म्हणजे मोठे काम आलेच.’ आम्हांस हे सर्वस्वी मान्य नाही. उशिरापर्यंत दिवे जळणे हे पुष्कळ वेळा मोठ्या कामाचे नव्हे, तर विस्कटलेल्या कामाचे चिन्ह असते. त्यामागील कारणे घरातील माणसांस कळली, तर निदान दोष कोणाचा आणि कोणाचा नव्हे, एवढे तरी त्यांस उमगेल.

प्रथम, घडी म्हणजे काय ते पाहू. पन्नास पानांची पंगत बसली आहे. वाढपी चपळ आहेत, आचारी नामांकित आहे, सामग्री मुबलक आहे. तरी पानावर वरणभात येऊन पोळी काही येत नाही आणि मंडळी ताटकळत बसतात. यजमान वाढप्यांवर डाफरतो. पण वाढपी काय करणार? पोळ्या एकाच तव्यावर भाजल्या जात आहेत. वाढपी दुप्पट केले तरी पंगत लवकर उठणार नाही. दुसरा तवा मांडला की उठेल. प्रत्येक कामात अशी एक अडणीची जागा असते आणि साऱ्या कामाचा वेग तीच ठरविते. एलियाहू गोल्डरॅट नावाच्या गृहस्थांनी 1984 साली एका कारखान्यावर कादंबरी लिहून हे तत्त्व जगभर प्रसिद्ध केले. परंतु आमच्याकडील कोणत्याही जाणत्या सुगरणीस ते नवीन वाटू नये. नवीन आहे ते एवढेच की, ही अडणीची जागा शोधण्यापूर्वी माणसांस दोष देऊ नये, ही शिस्त.

या शिस्तीचा पाया अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी घातला. बेल टेलिफोन प्रयोगशाळांचा जो उद्योगसमूह, त्यात ते नोकरीस होते. 16 मे 1924 रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांस एक पानभर टिपण पाठविले आणि त्यासोबत एक आलेख जोडला. त्या आलेखातील विचार असा: एकाच बाईने, एकाच पिठाच्या, एकाच तव्यावर दहा भाकऱ्या केल्या तरी त्या तंतोतंत सारख्या होत नाहीत. एखादी तसूभर मोठी, एखादी किंचित जाड. हा फरक पीठ, पाणी, आच, हात या सर्वांच्या मिळून होणाऱ्या हालचालीचा आहे. त्याबद्दल त्या बाईस जाब विचारणे व्यर्थ होय. परंतु एके दिवशी साऱ्याच भाकऱ्या करपल्या, तर काही विशेष कारण घडले असले पाहिजे आणि ते त्याच दिवशी शोधले पाहिजे. पहिल्या प्रकारचा फरक कमी करावयाचा तर पीठ, चूल, तवा म्हणजे सारी पद्धतच सुधारावी लागते. दुसऱ्या प्रकारचा फरक घालवावयाचा तर ते एक कारण हुडकावे लागते. या दोहोंची गल्लत करणे ही कारभारातील सर्वांत महाग चूक होय. कोणता फरक कोणत्या जातीचा हे गणिताने ठरविण्याच्या मर्यादा श्यूहार्ट यांनी घालून दिल्या. 1947-48 साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या ऐन प्रभातकाळी, प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून हे गृहस्थ भारतात येऊन गेले, आणि पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेने या शास्त्राचा प्रसार देशातील कारखान्यांत केला. तेव्हा ही विद्या आपल्याकडे काल-परवा आली असे समजण्याचे कारण नाही.

श्यूहार्ट यांचेच अनुयायी एडवर्ड्स डेमिंग. 1950 साली जपानी शास्त्रज्ञ व इंजिनिअर यांच्या संघाने त्यांस व्याख्यानांसाठी बोलाविले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशातील कारखानदारांस त्यांनी सांगितले की, माल तयार झाल्यावर तपासून वाईट तेवढा फेकून देण्यापेक्षा वाईट माल होणारच नाही अशी पद्धत बसवा. आपल्या आयुष्यभराच्या अनुभवावरून त्यांचा अंदाज असा होता की, कामात उद्भवणाऱ्या अडचणींपैकी शेकडा 94 अडचणींचे मूळ पद्धतीत असते, आणि पद्धत बदलण्याचा अधिकार फक्त वरिष्ठांस असतो. हे सिद्ध करण्यासाठी ते सभेत एक खेळ करून दाखवीत. पांढऱ्या व लाल मण्यांच्या मिश्रणातून खाचा पाडलेल्या फळीने मणी काढावयाचे. लाल मणी म्हणजे खराब माल. ज्याच्या फळीत कमी लाल त्यास शाबासकी, जास्त लाल त्यास ताकीद. पाहणारे हसत, कारण मणी काढणाऱ्याच्या हातात काहीच नाही हे उघड दिसे. परंतु दर वर्षाच्या अखेरीस नोकरांस गुण देऊन त्यांची उतरंड लावणाऱ्या किती कचेऱ्यांत हाच खेळ गंभीर चेहऱ्याने खेळला जातो, याचा हसणाऱ्यांनी विचार करावा.

जपानात हे बीज सुपीक भूमीत पडले. टोयोटा मोटार कारखान्याचे ताइची ओनो यांनी वायफळ खर्चाचे सात प्रकार सांगितले: गरजेपूर्वी व गरजेपेक्षा जास्त माल करणे, वाट पाहणे, विनाकारण वाहतूक, नको तितकी कारागिरी, साठा, अंगाची निरर्थक हालचाल आणि बिघडलेला माल. या सातांत पैसा थेट जाताना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक जातो. त्याच परंपरेतील दुसरे तत्त्व याहून मोलाचे आहे. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे मागांचे कारागीर. त्यांनी असा माग तयार केला की, एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबावा आणि सदोष कापड विणले जाऊ नये. पुढे मोटारींच्या कारखान्यात हेच तत्त्व माणसांस लावले गेले. रांगेतील अगदी साध्या कामगारासही दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे किर्लोस्कर घराण्याने टोयोटाशी भागी करून 1997 साली कर्नाटकात बिडदी येथे कंपनी स्थापिली, आणि हे कारखानी संस्कार मराठी माणसांच्या अधिकच परिचयाचे झाले.

आमच्या वाचकांस याचे आश्चर्य वाटू नये. वेदपाठाची परंपरा ज्यांच्या घरांत चालत आली, त्यांस ठाऊक आहे की पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ यांची रचनाच अशी आहे की, एक अक्षर घसरले तर पुढचा जोड जुळत नाही आणि चूक जागच्या जागी उघडी पडते. लिहिलेल्या ग्रंथावाचून एवढा मोठा शब्दराशी अविकृत राहिला तो पाठकांच्या केवळ बुद्धिमत्तेने नव्हे, तर या पद्धतीने. पाठ पुरा झाल्यावर कोणी परीक्षक येऊन चुका मोजीत बसत नाही. पाठातच परीक्षा गुंफलेली आहे. उत्तम कार्यपद्धतीचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही.

कारखान्यातील दुसरी एक सुधारणा तर प्रत्येक घरातील पूजेच्या तयारीसारखी आहे. पत्रा दाबून मोटारींचे भाग करणाऱ्या यंत्राचा साचा बदलावयाचा म्हटला की यंत्र कित्येक तास बंद राहावयाचे. 1969 साली टोयोटाच्या एक हजार टनी यंत्रावर या कामास चार तास लागत. शिगेओ शिंगो यांनी ते प्रथम दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणले. युक्ती कोणती? यंत्र थांबल्यावाचून करता येत नाहीत अशी कामे कोणती आणि ते चालू असतानाच उरकता येतील अशी कोणती, यांची त्यांनी फोड केली. भटजी पाटावर येऊन बसल्यावर फुले, अक्षता, निरांजन, कापूर यांची शोधाशोध सुरू झाली तर मुहूर्त टळतो. सर्व तबकात आधीच मांडलेले असेल तर टळत नाही. पिरंगुटच्या एखाद्या लहान कारखान्यात साचा बदलताना चावी कोठे ठेवली म्हणून दोन माणसे अर्धा तास हिंडत असतील, तर त्यांस नवे यंत्र नको आहे. आमच्या आज्या डोळे मिटून ज्या फडताळातून हिंगाची डबी काढीत, तसे एक फडताळ हवे आहे.

उद्योगधंद्यांतील सुधारणा म्हणजे परदेशी माल, असा एक समज आहे. त्याचे निरसन करण्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव पुरेसे आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून 1910 साली त्यांनी औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे पहिले लोखंडी नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. अशा वेळी ग्राहकास अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे असते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. नांगर शेतात चालतो कसा, झिजतो कोठे, शेतकरी बोलतो काय, हे जाणून घेत त्यांनी माल सुधारला. ज्याच्यासाठी माल करावयाचा त्याचे ऐकणे ही कार्यपद्धतीची पहिली पायरी होय. ती त्यांनी कोणत्याही परदेशी पुस्तकावाचून चढली.

आता हिंजवडीकडे वळू. कारखान्यात काम तुंबले की ते डोळ्यांस दिसते. अर्धवट भागांचे ढीग पडतात, चालावयास वाट उरत नाही. सॉफ्टवेअरच्या कचेरीत मात्र ढीग अदृश्य असतो. अर्धवट लिहिलेला कोड, तपासणीसाठी खोळंबलेले काम, वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहणारी पत्रे, ग्राहकाने मागितलेली नसूनही केलेली करामत, हे सारे संगणकाच्या पोटात असते आणि खोली स्वच्छ दिसते. मॅनेजर समजतो की सर्व ठीक चालले आहे. कळते ते माल द्यावयाच्या आदल्या आठवड्यात, आणि मग रात्री जागविल्या जातात. मेरी व टॉम पॉपेनडिक या दांपत्याने 2003 साली लिहिलेल्या ग्रंथात ओनोंचे सात वायफळ खर्च सॉफ्टवेअरच्या कामात कोणत्या रूपाने वावरतात ते दाखविले, ते याच कारणाने.

यातील गणित अगदी सोपे आहे. पिठाच्या गिरणीत तुमच्या डब्याच्या आधी बारा डबे आहेत आणि तासाला चार डबे दळून होतात, तर तुमची पाळी तीन तासांनी येईल. हा नियम जॉन लिटल यांनी 1961 साली गणिताने सिद्ध केला. आता त्या गिरणीवाल्याने कोणालाच नाही म्हणावयाचे नाही म्हणून प्रत्येक डब्यातील थोडे थोडे दळावयास आरंभ केला, तर काय होईल? सर्वांचे काम सुरू झालेले असेल आणि कोणाच्याच घरी संध्याकाळी पीठ नसेल. शिवाय गव्हाचे बाजरीत मिसळेल ते निराळेच. पाच माणसांच्या गटाकडे एकाच वेळी वीस कामे देणारा अधिकारी हेच करीत असतो. त्यास वाटते, आपण वीस कामे पुढे ढकलली. वस्तुतः त्याने वीसही कामे अडविली.

याचे एक सुंदर उदाहरण हैदराबाद येथे घडले. 2004-05 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीसाठी दुरुस्तीची कामे करणारा एक लहानसा गट तेथे होता. प्रत्येक कामास महिनेच्या महिने लागत आणि ग्राहक कंटाळले होते. डेव्हिड अँडरसन व त्यांचे सहकारी यांनी पाहिले तो मौज अशी दिसली की, नवे काम आले की त्यास किती दिवस लागतील याचा अंदाज तातडीने करून देण्याचा दंडक होता. या अंदाजांतच गटाची सुमारे तिसरा हिस्सा शक्ती खर्च होई, आणि अंदाज केलेल्या कामांपैकी पुष्कळ कामे पुढे कधी हाती घेतलीच जात नसत! त्यांनी अंदाज बंद केले, एका वेळी किती कामे हाती असावीत याची मर्यादा घातली, आणि एक काम पुरे झाले की मगच पुढचे घ्यावे असा नियम केला. प्रथम एकही नवा माणूस न घेता हे झाले. जे काम पुरे होण्यास सुमारे पाच महिने लागत ते काही आठवड्यांत होऊ लागले, आणि नऊ महिन्यांत तो गट आपल्या विभागात सर्वांच्या मागून सर्वांच्या पुढे गेला. माणसे तीच होती. बदलली ती घडी.

आता नाण्याची दुसरी बाजू. सुधारणेचे शास्त्र जसजसे पसरते तसतसे तिचे सोवळेही वाढते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेत वॉट्स हंफ्री यांच्या प्रेरणेने सॉफ्टवेअर संस्थांच्या परिपक्वतेच्या पाच पायऱ्या ठरविण्यात आल्या. मोटोरोला कंपनीची बंगळूर येथील शाखा पाचव्या पायरीवर पोहोचली, आणि पुढे काही वर्षांतच त्या पायरीवरील संस्थांत भारतीय संस्थांचा भरणा फार मोठा झाला. हे भूषणास्पदच होते. परदेशी ग्राहकाचा विश्वास आपल्या माणसांनी त्यामुळे जिंकला. परंतु पुष्कळ ठिकाणी असे घडले की परीक्षक यावयाचे म्हटले की कागद तयार व्हावेत, आणि परीक्षक गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याला उत्तर म्हणून 2001 साली 17 अनुभवी मंडळींनी अमेरिकेत जमून एक घोषणापत्र काढले की, कागदांपेक्षा चालणारे काम आणि नियमांपेक्षा माणसांचा परस्पर संवाद अधिक मोलाचा. तेही उत्तम होते. पण आज त्याचेही कर्मकांड झालेले अनेक कचेऱ्यांत आढळते. रोज सकाळी उभे राहून एकमेकांच्या अडचणी सोडवाव्यात म्हणून जी पंधरा मिनिटांची सभा योजिली, तिचे रूपांतर वरिष्ठांपुढे हजेरी देण्याच्या तासाभराच्या सोहळ्यात झाले. मंत्र राहिला, अर्थ गेला. धर्माच्या क्षेत्रात या दोषावर आमच्या संतांनी कोरडे ओढले. व्यवहाराच्या क्षेत्रात तो अंगी येऊ देऊ नये एवढेच आमचे म्हणणे.

मोजमापाचेही तसेच आहे. मोजल्यावाचून सुधारणा होत नाही हे खरे. परंतु जे मोजाल त्यालाच बक्षीस लावले की ते माप खोटे होऊ लागते. दुरुस्त केलेल्या चुकांच्या संख्येवर बढती दिली, तर चुका वाढतात. खुर्चीवर बसलेल्या तासांवर दिली, तर खुर्च्या भरतात आणि काम रिते राहते. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1975 साली अर्थव्यवहारासंबंधी हीच गोष्ट सांगितली होती. घरातील मुलाच्या गुणपत्रिकेचा अनुभव ज्यांस आहे, त्यांस ती निराळी समजावून सांगावयास नको.

येथपर्यंत आम्ही वेळ आणि पैसा यांबद्दल बोललो. परंतु मुळशी तालुक्यातच अशी एक घटना घडली की, या विषयाचे खरे मोल तिने दाखवून दिले. 7 जून 2021 रोजी उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने तयार करणाऱ्या एका कारखान्यास आग लागली. 17 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. सकाळी डबा घेऊन घरातून निघालेल्या त्या आयाबहिणी संध्याकाळी परतल्या नाहीत. पोलिसांनी गुन्हा नोंदविला, चौकशी झाली. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु एक विचार मनातून जात नाही. ज्वालाग्राही वस्तूंजवळ वेष्टनाचे कागद व प्लास्टिक किती ठेवावे, बाहेर पडण्याची दारे किती व ती मोकळी आहेत की नाहीत, धोका दिसताच काम थांबवा असे कोणी म्हणावयाचे, या साऱ्या गोष्टी म्हणजे कार्यपद्धतीच होत. कोणत्याही कारखान्यात वेष्टने बांधणाऱ्या बाईस दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार असेल, आणि तो वापरल्याबद्दल तिचा रोजगार बुडणार नाही अशी तिची खात्री असेल, तर तो कारखाना सुधारला असे आम्ही म्हणू. मग त्याच्या भिंतीवर कोणतेही प्रशस्तिपत्र टांगलेले नसले तरी चालेल. सॉफ्टवेअरचा दोष बहुधा कालची प्रत पुन्हा बसवून दुरुस्त करता येतो. उरवड्याचा कालचा दिवस पुन्हा बसविता येत नाही.

भय हा सर्व सुधारणांचा शत्रू आहे हे डेमिंग यांनीही आग्रहाने सांगितले होते. दोष लपविल्याने नोकरी टिकते असे जेथे वाटते, तेथे दोष लपतोच. उलट, काम करणाऱ्यांस एकत्र बसवून त्यांचीच बुद्धी विचारात घेतली तर काय होते, हे जपानातील गुणवत्ता-मंडळांनी 1962 पासून दाखविले. आपल्याकडेही भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील कारखान्यात 1980 साली असे मंडळ सुरू झाले आणि ती प्रथा देशभर पसरली. आठ तास यंत्रापुढे उभा राहणारा मनुष्य त्या यंत्राच्या खोडी जितक्या जाणतो तितक्या वातानुकूलित खोलीत बसून आलेख पाहणारा जाणत नाही. फक्त त्यास कोणी विचारीत नाही.

शेवटी एक मुद्दा, जो या शास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच येतो आणि जो मुळशीत उभे राहिले असता टाळता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांस व शहरास वीज मिळावी म्हणून मुळा नदीवर टाटा कंपनीने धरण बांधावयाचे ठरविले. हिशेबाच्या वहीत ती योजना निर्दोष होती. परंतु ज्या मावळ्यांची भातखाचरे आणि देव पाण्याखाली जावयाचे होते, त्यांचे दुःख त्या वहीच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. 1921 साली रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला, तो 1924 पर्यंत चालला. सेनापती बापट कारागृहात गेले आणि अखेर धरण झाले. विजेने पुष्कळांचे कल्याण झाले हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हिशेबाची रेघ कोठे मारावयाची, हा प्रश्न तेव्हा जो उभा राहिला तो आजही उभा आहे. हिंजवडीतील कंपनी आपल्या कचेरीच्या आत पाच मिनिटांची वाट पाहणेही वायफळ समजते. परंतु तिचाच नोकर रस्त्यावरील गर्दीत रोज जो तास-दोन तास अडकून पडतो, तो वेळ तिच्या वहीत नसतो, कारण तो दाराबाहेर खर्च होतो. घरच्यांच्या वाट्याचा वेळ घेऊन भरलेले कामही तिच्या वहीत फुकटच दिसते. फुकट ते काहीच नसते. त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते. ओनोंच्या सात प्रकारांत आठव्याची भर घालावयाची झाल्यास आम्ही ही घालू: आपला वायफळ खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे.

आता थोडक्यात, कोणी काय करावे? ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांनी चूक झाली की ‘कोणी केली?’ असे विचारण्याऐवजी ‘कशी होऊ शकली?’ असे विचारावे. आणि टोयोटाच्या कारखान्यात विचारतात त्याप्रमाणे पाच वेळा ‘का?’ विचारल्यावाचून उत्तरावर समाधान मानू नये. माल वेळेवर गेला नाही, का? तपासणी उशिरा झाली. का? तपासणाऱ्याकडे शेवटच्या दिवशी सारे काम एकदम आले. का? एवढे विचारीत गेले की बोट माणसावरून सरकून पद्धतीवर येते. नोकरीत नव्याने शिरलेल्या तरुणांनी चार कामे हाती घेण्याऐवजी एक पुरे करून दुसरे घेण्याची सवय लावावी, आणि ‘हे काम मी आता घेतले तर कोणते मागे पडेल?’ हा प्रश्न वरिष्ठांस विनयाने पण स्पष्ट विचारावा. लहान कारखानदारांनी महागड्या सल्लागारास बोलाविण्यापूर्वी एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एका भागाच्या मागोमाग आपल्याच कारखान्यात हिंडावे. तो भाग किती वेळ घडतो आणि किती वेळ नुसता पडून असतो, हे घड्याळ लावून लिहावे. पडून राहण्याचा वेळ घडण्याच्या वेळाच्या कित्येक पट आढळेल, आणि पुढचे काम काय ते आपोआप सुचेल.

आणि घरातील वडील मंडळींनी? त्यांनी मुलास ‘आज किती वाजेपर्यंत काम केलेस?’ असे कौतुकाने विचारणे सोडावे. त्याऐवजी ‘आज कोणते काम पुरे झाले?’ असे विचारावे. ज्या घरात रात्री जागण्याचा गौरव होतो, तेथील मुले उद्या स्वतः अधिकारी झाल्यावर इतरांस जागवितात. ज्या घरात वेळेवर पुऱ्या झालेल्या कामाचा गौरव होतो, तेथून निराळे अधिकारी निघतील. हिंजवडीच्या आणि पिरंगुटच्या उद्याच्या कारभाऱ्यांचे पहिले शिक्षण आज आपल्याच माजघरात चालले आहे, हे आम्ही आमच्या वाचकांच्या, आणि विशेषतः वाचकभगिनींच्या, ध्यानात आणून देऊ इच्छितो. घराची घडी त्यांनी पिढ्यान् पिढ्या बसविली. तिचे मर्म मुलांस शब्दांनी समजावून सांगणे एवढेच आता बाकी आहे.